भाऊंचं अनुमोदन

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अडुसष्ट सालच्या त्या सभेचा माझा राग गेलेला नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी नाही निवळले.

त्याच्या आदल्या वर्षीचं धुळ्याचं कोर्ट आठवा. साक्रीकडच्या मजुरांच्या झोपड्या जमीनमालकाने जाळल्या होत्या आणि मजुरांचं वकीलपत्र तुम्ही घेतलं होतं. मालकाचा भाऊही आरोपी होता. तो हात जोडून म्हणतो, "मी कोठे पेटाडं, साहेब? मी ते फक्त म्हनं, व्हऊ द्या." लोक हसतात. तुम्ही हसत नाही. याच्या 'होऊ द्या'चा आधार नसता तर काडी पेटलीच नसती, म्हणून शिक्षा यालाही हवी, असं तुम्ही ठणकावून सांगता. त्याला शिक्षा झाली. माझे वडील, म्हणून मी कॉलेजभर मिरवले.

मग रशियाचे रणगाडे प्रागमध्ये घुसले. मित्रराष्ट्राची कारवाई योग्यच, असा ठराव रशियाला मानणाऱ्या तुमच्या पक्षाने जळगावच्या सभेत मांडला. सूचक बोलून बसले, पण अनुमोदक मिळेना. जो तो आपल्या चपलांकडे बघत होता. बसून राहा भाऊ, मी मनात म्हणत होते. तुम्ही उठलात आणि खणखणीत आवाजात अनुमोदन दिलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कळण्याची भाकरी थापत होती. मी सरळ विचारलं, "भाऊ, अनुमोदन म्हणजे 'व्हऊ द्या'च ना?"

तुम्ही ताट सरकवलंत. "आपल्या माणसाचं चुकलं तर घरात बोलायचं. चारचौघांत नाही."

म्हणजे चुकलंय हे तुम्हाला ठाऊक होतं! याचाच संताप येतो. रणगाड्यांखाली कुणाची पोरं गेली असतील, आणि तुम्ही आपलं माणूस सांभाळत बसलात. तुमच्यावर कोण खटला भरणार होतं? पण त्याच मंचावर उभं राहून 'मी चुकलो' म्हणायला कायदा कशाला लागतो? मी वाट बघितली. तुम्ही वारलात, तोवर बघितली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. परवा एका लग्नात कुणीतरी तुम्हाला 'रणगाड्यांचा वकील' म्हणालं. मी भर मांडवात त्याच्याशी भांडले, तुम्ही तसे नव्हताच म्हणून.