घरची वाटणारी

फाकाओफो
४ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. सेलेपा हिस मेलेका आत्याचे अ. उ. आ.

बेटावरून महिन्याची बोट उद्या सुटते, म्हणून आजच पत्राला बसले. लिहिते आहे शेजारची मास्तरीण, मी नुसती बोलते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागतं.

गेल्या रविवारी डुक्कर कापलं. मी चाचपून वाटे घातले, तर तुझ्या चुलतभावांपैकी फोउआकडे दोन मांड्या गेल्या आणि मानुएलेकडे नुसत्या फासळ्या. त्या दिवसापासून दोघं एका होडीत बसत नाहीत. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. पुरुषांनी आणायचं, घरच्या थोरल्या लेकीने वाटायचं, आणि तिने दिलं त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. आईमागून मी चाळीस वर्षं वाटलं. माझ्यामागून तूच. वाटणारीचा हात चुकायला लागला की घर फुटायला वेळ लागत नाही, पोरी.

तेव्हा पुढच्या बोटीने सगळी या. गावच्या मासळीत तुमची चार डोकी धरायला मी सांगूनही ठेवलंय. जावईबापूंना आशीर्वाद, पोरींना पापे. उत्तर पाठवू नकोस, तूच ये.

तुझी आत्या


पोरिरुआ
१० मार्च १९८५

ति. आत्यास सेलेपाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. म्हणजे तू बोलावलंस ती बोट एव्हाना सुटलीही असेल. न विचारता लेकीचं लग्न ठरवणारे पाहिलेत, पण न विचारता तिची मासळी ठरवणारी तूच! तुझा जावई हाकारिया हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.

पण खरं सांगू? मला भीती वाटते. अकराव्या वर्षी मी बेट सोडलं. इथे शहरातल्या कारखान्यात मोटारींच्या गाद्या शिवते. शिवण माझी सरळ येते, पण अख्खा मासा समोर ठेवला तर सुरी कुठून घालायची हेही मला माहीत नाही. फोउआ आणि मानुएले यांनी मला खांद्यावर बसवून नारळ काढायला नेलंय. ते पन्नाशीचे बाप्ये माझ्या हातचा वाटा मुकाट्याने घेतील? घर जोडायला म्हणून यायचं आणि माझ्याच हातून ते मोडायचं, असं झालं तर?

त्यापेक्षा तू इकडे ये. इथे मोतीबिंदू काढून चार दिवसांत घरी पाठवतात. नाही म्हणू नकोस. राग तिथेच ठेव आणि लोभ तेवढा बोटीत चढव.

तुझी सेलेपा


फाकाओफो
२० एप्रिल १९८५

चि. सौ. सेलेपा हिस अ. उ. आ.

माझी फजिती ऐक. मार्चची बोट आली, तुमचा पत्ता नाही. त्याच दिवशी होड्या कुप्पा मासळीने काठोकाठ भरून आल्या. किनाऱ्यावर वाटे मांडले आणि वाटप्याने भर गावात माझ्यापुढे चार वाटे जास्त ठेवले! बेटावर जितकी डोकी तितके वाटे, पाळण्यातल्या पोराचाही एक. आणि माझी चार डोकी पोरिरुआत! मी लाजेने अर्धी झाले. जन्मभर नेमकं वाटलं आणि म्हातारपणी माझ्याच पदरात गावाची मासळी.

तशीच उठले आणि वडीलधाऱ्यांच्या सभेत जाऊन चूक कबूल केली. त्यांनी अख्खी दुपार खल केला. शेवटी सगळ्यांत म्हातारे तिनिएलु म्हणाले, की नाव खोडायचं ते माणूस मेल्यावर. ही चौघं चांगली जिवंत आहेत, नुसती उशिरा येतायत, राहू द्या. सभा हसली आणि नावं राहिली. आता दर वाटणीला तुझ्या पोरींची नावं पुकारतात आणि वाटा शेजारची लेकरं खातात.

डोळ्यांसाठी मी येईन, पण तू इथे येऊन बसलीस तर. वाटणारीवाचून घर एक दिवसही टाकता येत नाही. भाऊ तुझं ऐकतील का, ते मला विचारू नकोस. मलाही ठाऊक नाही.

वाट बघणारी आत्या


फाकाओफो
१५ जुलै १९८५

ति. आत्यास सा. न. वि. वि.

पोरींना घेऊन मी उतरले त्याच होडीत तू चढलीस. माझा चेहरा चाचपलास तेवढ्यात होडीवाल्याने घाई केली. धड रडताही आलं नाही.

काल फोउआच्या नातीचा बाप्तिस्मा झाला. अख्खं डुक्कर आणि टोपलीभर अळकुड्या माझ्यापुढे आल्या. वाटे घातले आणि तिकडच्या सवयीने सगळ्यांना विचारून बसले, की बरोबर झालं ना? झालं! मानुएले म्हणाला, की त्याच्याकडे खाणारी तोंडं जास्त. फोउआ म्हणाला, की डुक्कर कुणाचं? मग बायका, मग सुना, मग मागच्या डुकराच्या मांड्याही निघाल्या. मला कळलं, वाटणारीने विचारायचं नसतं.

कुठून धीर आला देव जाणे. सगळे वाटे टोपलीत परत भरले आणि नव्याने घातले. या वेळी मान वर केली नाही. मानुएलेला मांडी, फोउआला मानेचं मांस. फोउआची बायको पुटपुटली, तसा तो तिच्यावर खेकसला, की गप बस, घरच्या वाटणारीने दिलंय. आज पहाटे दोघं एकाच होडीतून गेले. आत्या, मला इतका आनंद झालाय की काही सुचत नाही.

तरी डोळे बरे झाले की लगेच ये आणि ही वाटणीची सुरी परत घे. एकदा साधलं, दर वेळी साधेल असं नाही. हाकारियाला छळू नकोस.

तुझी सेलेपा


पोरिरुआ
२ सप्टेंबर १९८५

चि. सौ. सेलेपा हिस अ. उ. आ.

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर वाकडं दिसलं तर डोळ्यांना नव्हे, इथल्या थंडीला बोल लाव. पट्टी सोडली आणि पहिलं दर्शन जावईबापूंचं झालं. आवाजावरून वाटलं होतं देखणे असतील. असो, मनाचे फार चांगले आहेत.

इथे प्रत्येकाने आपापला मासा विकत आणायचा आणि दार लावून खायचा. मला घास उतरेना. अर्धा मासा शेजारणीच्या दारात ठेवून आले. बाई आधी घाबरली, मग केक घेऊन आली. आता या गल्लीत पाच घरांना मी वाटते.

सुरीचं म्हणशील, तर ती घेण्याइतकं मला आता स्वच्छ दिसतं. पण घातलेले वाटे परत टोपलीत भरायचं धाडस मला चाळीस वर्षांत झालं नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले.

ऑक्टोबरच्या बोटीने जावईबापू आणि मी, दोघं येतोय. चाळीस वर्षं सगळ्यांना देऊन शेवटी उरेल ते मी खाल्लं. आता मला ओळीत बसून तुझ्या हातचा वाटा घ्यायचाय. लहान वाटला तर मी कुरकुर करणार. तू मान वर करू नकोस.

लोभ वाढता ठेव.

तुझ्या घरातली,
मेलेका आत्या