खिडकीसमोरचे पाच फूट

प्रिय तात्या,

रंगारी अंगणात बसून विचारतो आहे, बाजूच्या भिंतीला कुठला रंग देऊ. मी त्याला म्हटलं, थांब जरा, एका माणसाला विचारायचं आहे. तो चहा पितो आहे आणि मी हे पत्र लिहायला बसले आहे. ज्याला विचारायचं त्याला जाऊन एकवीस दिवस झाले, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

खरं तर रंग ठरला होता. गडद हिरवा. मळला तरी कळत नाही आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं तरी खपून जातं, एवढाच माझा विचार. ती भिंत आमच्या घरातून कुणालाच दिसत नाही. ती तुमच्या मधल्या खोलीतून दिसते, खिडकीभर दिसते, हे मला परवा कळलं. खोली बांधून चार वर्षं झाली, आणि मला परवा कळलं!

तुम्हाला आठवतं ना सगळं कसं सुरू झालं ते? तुमच्या गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी आईचे सांधे धरले. तुम्ही त्याच्या आधीच निवृत्त होऊन मुलुंडला राहायला आला होतात. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली वडिलांच्या वेळचे भाडेकरू. त्यांना जा म्हणायची सोय नव्हती आणि वडील गेल्यावर घर माझ्या नावावर झालं असलं तरी मला तेवढी धमकही नव्हती. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे आईला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायचं. खुर्चीचे पुढचे पाय तुम्ही धरायचात. साठी उलटलेला माणूस, लुंगी खोचून, एकेक पायरी मोजत उलटा उतरायचा.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आई म्हणाली, "मला बटाट्याच्या पोत्यासारखं उतरवू नका रे." आणि मग ती उतरलीच नाही. चौदा महिने! वरच्या खिडकीतून रस्ता बघायची, खाली पाणी आलं का म्हणून तुमच्या अंगणातल्या माईंना विचारायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

म्हणून खाली एक खोली काढायची ठरवली. आईपुरती, मोरी आणि संडास लागून. जागा होती ती फक्त तुमच्या बाजूला, आणि तिथे नियम आडवा आला. बाजूला दहा फूट मोकळे सोडायचे. खोली बांधली तर पाचच उरत होते. नकाशे काढून देणारे देसाई म्हणाले, घाबरू नका, मालक म्हणून अर्ज करा, आजारपणाचं कारण द्या आणि खास बाब म्हणून सवलत मागा. फक्त ज्यांच्या बाजूचं अंतर कमी होतं, त्या शेजाऱ्यांची लेखी ना हरकत हवी.

शेजारी म्हणजे तुम्ही. आणि त्याच उन्हाळ्यात मी तुमच्याशी भांडले होते! तुमच्या फणसाची फांदी आमच्या टाकीवर येते, पानं पाण्यात पडतात, म्हणून मी किती तणतणले. तुम्ही कोयता घेऊन चढलात आणि फांदी तोडलीत. वर त्याच फांदीवरची कुयरी, कोवळा फणस, भाजीला पाठवलीत. ती भाजी मी खाल्ली, पण मनातून ओशाळले होते. आता ह्याच माणसासमोर कागद घेऊन कुठल्या तोंडाने उभी राहू?

अर्ज मीच टाइप केला. घाटकोपरच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन हे. देसाईंनी मजकूर लिहून दिला होता. त्यात शेवटी एक वाक्य होतं: सदर बांधकामामुळे शेजारील घराच्या हवा-उजेडास कोणतीही बाधा येत नाही. ते मी तीन कार्बन लावून सफाईदार टाइप केलं, एकही खाडाखोड नाही. तुमच्या घरात मी पडवीच्या आत कधी पाऊल टाकलं होतं का, तात्या? आपला सगळा शेजार पडवीतला. माई चहा बाहेर आणून द्यायच्या, तुम्ही तिथेच पेपर वाचत असायचात. तुमच्याकडे खिडक्या किती आणि कुठे, मला पत्ता नव्हता. आणि मी त्यांच्या उजेडाची खात्री देऊन मोकळी!

तुम्ही कागद घाईने वाचला नाहीत. दोऱ्याने बांधलेला चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत वाचत गेलात. त्या वाक्यापाशी बोट थांबलं. मला वाटलं, एखादा शब्द अडला असेल.

"ह्या कोणी लिवला?" तुम्ही विचारलंत.

"तसं लिहायचंच असतं, तात्या. ठरलेलं वाक्य आहे."

तुम्ही एकदा आत, मधल्या खोलीकडे बघितलंत. मला वाटलं, चहाला उशीर का म्हणून बघताय. मग म्हणालात, "आवशीक खाली हाडूक व्हयी ना? मगे दी हडे." आईला खाली आणायचं आहे ना, मग दे इकडे, एवढं बोलून सही केलीत. गिरणीत शिकलेली, प्रत्येक अक्षर सुटं काढलेली सही.

मी अक्षरशः उड्या मारत घरी गेले. तुमचं बोट कुठे थांबलं होतं, ह्याचा मी पुन्हा कधी विचार केला नाही.

वॉर्ड ऑफिसातले साहेब टेप घेऊन तपासणीला आले तो दिवसही आठवतो. सज्जन माणूस. त्यांनी वर जाऊन आईला बघितलं, खाली येऊन अंतर मोजलं आणि तुम्हाला मुद्दाम विचारलं की आजोबा, खरंच हरकत नाही ना, नंतर तक्रार करून चालणार नाही. तुम्ही म्हणालात, "आताय ह्यांची भिंतच दिसता. जरा लागीं इली तर बरी दिसात." भिंत आणखी जवळ आली तर छान दिसेल म्हणे! साहेब हसले, देसाई हसले, मीही हसले. तात्या, सगळ्यांना हसवून तुम्ही तो प्रश्न किती सहज बाजूला सारलात!

परवानगी यायला पाच महिने लागले, खोली उठायला तीन. आईला शेवटचं खुर्चीतून उतरवलं तेव्हाही पुढचे पाय तुम्हीच धरले होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतः काठी टेकत दारात आली आणि उन्हात बसली. माई वालांचं भिजाणं घेऊन आल्या. दोघींनी मिळून दोन तास डाळिंब्या सोलल्या आणि त्या दोन तासांत चौदा महिन्यांच्या गप्पा उरकल्या. ऑफिसातून येताना मी फाटकातूनच आईचं हसणं ऐकलं. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा अर्ज केले असते.

त्याच सुमाराला माईंची शिवणाची मशीन पडवीत आली. तोवर तिची घरघर आत कुठूनतरी यायची, आता ती दाराशीच आली. आणि मी काय म्हणावं? "काय माई, रस्त्यावर लक्ष ठेवायला बसलात वाटतं?" त्या हसल्या. एकदा तर मी चक्क सांगून आले की रविवारी दुपारी जरा मशीन बंद ठेवा, आठवड्यातून एकदाच झोप मिळते. त्यांनी ठेवली. पावसाळ्यात पडवीत झड यायची, म्हणून त्या मशीनवर प्लास्टिक घालायच्या आणि चार महिने ब्लाऊजं शिवायला घेतच नसत. मी आपली म्हणायचे, माईंचं वय झालं.

तुम्ही हे सगळं ऐकत समोर बसायचात. एकदाही मला गप्प का केलं नाहीत? एखादा शब्द बोलला असतात तर मी काय खोली पाडणार होते? निदान जीभ तरी आवरली असती!

परवा माईंनी मला बोलावलं. तुमचे गिरणीचे कागद ट्रंकेत होते आणि त्यांना वाचता येईनात. ट्रंक मधल्या खोलीत. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर ऑक्टोबरचं रखरखीत ऊन, आणि माईंनी आत जाताच दिवा लावला. मी म्हटलं, दिवसाढवळ्या दिवा कशाला? मग माझी मलाच खिडकी दिसली. खिडकीत माझी भिंत होती, दुसरं काहीच नव्हतं. खाली लादीवर मशीनच्या चार पायांच्या खुणा. इतकी वर्षं एका जागी उभी होती ती की तिथली लादी झिजली होती.

मी तिथेच ट्रंकेवर बसले. म्हटलं, माई, तुम्ही बोलला का नाहीत?

"मला कोणी विचारलं?" त्या म्हणाल्या. "सही झाल्यावर सांगितलं ह्यांनी. चार दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी."

तात्या, आता रागावू नका, पण हे तुमचं चुकलंच. उजेड माईंचा आणि उदार तुम्ही! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. तुम्ही मला नाही म्हणायला हवं होतं असं नाही. पण आत जाऊन त्यांना विचारायला दोन मिनिटं तर लागली असती.

मी विचारलं, मग पाचव्या दिवशी का बोललात?

"तुझी आई वरच्या खिडकीत आली. रोज पाणी आलं का विचारायची, त्या दिवशी विचारलंच नाही. नुसते हात जोडले माझ्याकडे बघून. तेही धड जोडता येत नव्हते गो, बोटं वाकडी झालेली." माईंनी आपली बोटं वाकवून दाखवली. "मग आत आले आणि चहा टाकला. दोन कप."

मला रडू आवरलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी लोकांत मी नीट रडले नव्हते, ते सगळं त्या ट्रंकेवर बसून रडले. माईच मला गप्प करत होत्या. कोणी कोणाचं सांत्वन करायचं, तात्या?

घरी येऊन अर्जाची फाइल काढली. माझ्याकडची कार्बन प्रत पुसट झाली आहे, पण ते वाक्य वाचता येतं. त्यावर पेनाने रेघ मारली आणि खाली लिहिलं: शेजाऱ्यांच्या घरातला उजेड जातो आहे. हे वाचून, समजून त्यांनी सही केली आहे. हा कागद आता कोणी मागणार नाही. तरी लिहिलं. टाइप करणाऱ्या बाईने निदान आपली चूक तरी दुरुस्त करावी.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, तिथे सकाळपासून लख्ख असतं. मशीन इकडे आण. मला दिवसभर सोबत नाही आणि आता तिलाही नाही. मी माईंकडे गेले, ह्या वेळी पडवीत न थांबता सरळ आत, आणि अर्ज तोंडीच केला. त्यांनी दोन दिवस मागून घेतले. आज सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, मशीन जड आहे, पायाकडून मी धरते. मग विचारलं, त्या साहेबांनी खोली आजारपणासाठी दिली ना, तिथे ब्लाऊजं शिवली तर चालतील का गो? मी म्हटलं, खास बाब म्हणून चालतील. तुम्ही गेल्यापासून माई पहिल्यांदा हसल्या.

तेव्हा तात्या, माझा शब्द घ्या. संध्याकाळी मशीन आईच्या खिडकीशी लागेल आणि माई म्हणतील तितके दिवस तिथे राहील, रविवारी दुपारीसुद्धा. त्या भिंतीला पांढरा चुना देईन, आणि आजच नाही, दर वर्षी पाऊस सरला की. पाच फुटांत जेवढा उजेड परत येईल तेवढा येऊ दे. आणि रंगारी झालं म्हणाला तरी मी आमच्या अंगणातून बघून त्याला सोडणार नाही. आधी तुमच्या मधल्या खोलीत जाईन, दिवा बंद करीन, आणि माईंना विचारीन.

फणसाची फांदी पुन्हा आमच्या टाकीवर येते आहे. येऊ दे.

तुमची भांडकुदळ शेजारीण,
शैला