भाचीच्या अर्जातला पहिला पर्याय

६ जून, गुरुवार

लिहायला बसले, कारण आज दोन माणसांनी मला एकेक गुपित सांगितलं आणि दोघांनीही बजावलं – कुणाला बोलू नकोस. बोलायचं नाही तर लिहायला तरी हवं. नाहीतर उद्या दवाखान्यात भलत्याच माणसावर खेकसेन.

सकाळी धाकटा आला. माझा भाऊ. औषधांचं दुकान आहे त्याचं. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, तेव्हाच ओळखलं की काम आहे. “ताई, तिला औषधनिर्माणशास्त्र घ्यायला सांग. तुझं ऐकते ती. पण मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.”

संध्याकाळी त्याची मुलगी आली. “आत्या, पहिला पर्याय मी संगणक सुरक्षा भरणार आहे. बाबांना एवढ्यात बोलू नकोस हं!”

बापलेक एका टेबलावर जेवतात. आणि निरोप्या मी! अर्जाची मुदत १४ तारखेपर्यंत.

७ जून, शुक्रवार

भाचीला म्हटलं, आवडीचं नंतर सांग, आधी अभ्यासक्रम आण. कागदावर. फोनवर बोट सरकवत मी काही वाचत नाही.

दोन कॉलेजांचे आणले. जवळच्या कॉलेजचं माहितीपत्रक गुळगुळीत, त्यात हिरवळीचे चार फोटो आणि प्रयोगशाळेचा एकही नाही. संगणक सुरक्षा तिसऱ्या वर्षी, एकच विषय, तोही ऐच्छिक. दुसरं कॉलेज सात तासांवर. तिथे पूर्ण अभ्यासक्रम याच विषयाचा. गणित तीन सत्रं, नेटवर्क, कायदा, आणि दर आठवड्याला दोन दिवस प्रयोगशाळा. लाल पेन्सिल घेऊन बसले. मी संख्याशास्त्राची पदवी घेतली तेव्हा संगणक एका बंद काचेमागे असायचा आणि आम्ही चपला काढून आत जायचो. पण अभ्यासक्रमात पाणी किती घातलंय, ते मला अजून कळतं.

“तुला यातलं नक्की काय करायचंय?” विचारलं.

“कुठून शिरता येईल ते दुसऱ्याच्या आधी शोधायचं. मालकाला विचारून.”

“आणि मालक नाही म्हणाला तर?”

“तर घरी यायचं, आत्या.”

उत्तर आवडलं. तिला सांगितलं नाही.

८ जून, शनिवार

त्या लांबच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना फोन केला. बाई निघाल्या. बोलणं तुटक, म्हणजे कामाच्या. विचारलं, मुलांना यंत्रांना हात लावू देता की नुसतं लांबून दाखवता? म्हणाल्या, “आमची तीस यंत्रं मोडण्यासाठीच ठेवली आहेत. बाहेरच्या एकाला परवानगीशिवाय हात लावला, तर मात्र मुलाला घरी पाठवतो. पहिल्या तासाला हे लिहून घेतो.” पंधरा मिनिटं बोललो. शेवटी त्यांनी विचारलं, “प्रवेश कुणाला हवाय, तुम्हाला?”

दिवसभर खुशीत होते. का कोण जाणे!

९ जून, रविवार

अर्ज माझ्या टेबलावर भरला. पहिला पर्याय ते लांबचं कॉलेज. फोन नंबर माझा दिला, कारण वीस वर्षांत न बदललेला नंबर आमच्या घराण्यात एवढाच. छापील प्रत भाचीने घरी नेली. आज रात्री बाबांना सांगते म्हणाली.

१० जून, सोमवार

सांगितलं नाही. “बाबा दमले होते.” तो काय फक्त काल दमला होता?

११ जून, मंगळवार

साडेअकराला दवाखान्यात माझ्या खिडकीशी ही गर्दी! डॉक्टर एका जुन्या फाइलीसाठी डोक्यावर उभे. तेवढ्यात धाकट्याचा फोन. “ताई, तुझ्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील, वाच बरं पटकन.” वाचले. एक आकडा चुकीचा ऐकला त्याने, तो दुरुस्तही करून दिला. फाइल सापडली. डॉक्टर ‘थँक यू’ न म्हणता गेले.

१२ जून, बुधवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

भाची आली. घरी नेलेली छापील प्रत बाबांच्या हाती लागली होती. तिच्या अर्जात पहिला पर्याय औषधनिर्माणशास्त्र! संगणक सुरक्षा गेली चौथ्या जागी. “आत्या, काल तुझ्या फोनवर आलेले आकडे कुणाला दिलेस?”

एकतीस वर्षं नोंदी विभागात बसले आहे. पेशंटची सही असलेली चिठ्ठी नसेल तर सख्ख्या भावालाही फाइल देत नाही. भांडतात, रडतात, माझ्या नावाने ओरडतात. देत नाही! आणि इथे घाईच्या वेळी, भर खिडकीत, मोठ्याने वाचून दाखवले.

“त्या मेसेजच्या शेवटी लिहिलेलं असतं ना आत्या, कोणालाही सांगू नका म्हणून.”

“वाचलं होतं. पण धाकटा म्हणजे ‘कोणी’ कसा?”

मला वाटलं रडेल. तर हसायला लागली. “मी वाचते त्या सगळ्या पुस्तकांत पहिलं उदाहरण हेच असतं. फक्त त्यात भामटा परका असतो. आपल्यात बाबा निघाले!”

मी हसले नाही. चूक माझी. तिची चार वर्षं माझ्या तोंडून गेली असती.

१३ जून, गुरुवार

अर्धी रजा टाकून भाचीला घेऊन थेट दुकानात. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले, मग काउंटरवर छापील प्रत ठेवली.

“ताई, तू बस तरी आधी.”

“बसायला आले नाही. तिचा अर्ज चोरून उघडलास.”

“चोरून काय? बाप आहे मी तिचा!”

“म्हणून तर जास्त वाईट. परका असता तर मी आकडे दिले असते का?”

मागून भावजय म्हणाली, “मी महिनाभर सांगतेय, आपसांत बोला. पण ऐकेल तो माणूस कसला!”

धाकटा गोळ्यांची पाकिटं उगाच सारखी करत राहिला. मग म्हणाला, “दुकानाचं सोड गं. मी गेल्यावर कुणीही चालवेल नाहीतर बंद करेल. सात तास लांब आहे ते. तिला ताप आला तरी मला दुसऱ्या दिवशी कळणार. एकटी ठेवणार नाही मी. बाकी तिने काय वाटेल ते शिकावं.”

म्हणजे भांडण अभ्यासक्रमाचं नव्हतंच! हे तोंडाने बोलायला काय झालं होतं? भाची म्हणाली, “बाबा, सोबत कुणी राहिलं तर चालेल का, एवढंच विचारायचं ना!” तो म्हणाला, “तू नाही म्हणाली असतीस तर?”

राहायचं काय ते नंतर बघू, आधी अर्ज, असं मी ठरवून टाकलं. त्यानेच दुरुस्त केला, भाचीला शेजारी बसवून. आकडे आले माझ्या फोनवर. समोर दोघं बसलेले, तरी विचारलं, “कोण मागतंय? कशासाठी?” धाकट्याने नाव, नातं, कारण, सगळं सांगितलं. मग दिले.

१४ जून, शुक्रवार

मुदत संपली. संध्याकाळी दोनदा उघडून पाहिलं. पहिला पर्याय जागच्या जागी.

२७ जून, गुरुवार

प्रवेश मिळाला! भाचीने दारातूनच ओरडून सांगितलं, शेजारीण बाहेर आली. मी म्हटलं, आवाज कमी कर. मग मीच दोनदा मोठ्याने यादी वाचली.

पण वसतिगृह पहिल्या वर्षाला नाही. धाकट्याचा चेहरा पडला. तरी प्रवेश सोड म्हणाला नाही, हे त्याचं चांगलं. राहण्याची सोय बघायला मी दहा दिवस मागून घेतले.

१ जुलै, सोमवार

कॉलेजच्या बाईंना पुन्हा फोन. दवाखान्यात साहेबांची गाठ घेतली. काम झालं.

३१ जुलै, बुधवार

मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाले. कॉलेजपासून दहा मिनिटांवर दोन खोल्या घेतल्या आहेत, एक भाचीची, एक माझी. रविवारी निघतो.

नोंदी विभागाचा कार्यभार दुपारी चारला दिला. घेणारी माझ्या हाताखालची कारकून. दिलं ते असं: कपाटांच्या किल्ल्या अकरा. फाइलींच्या नोंदवह्या तीन. शिक्का एक. न परतलेल्या फाइली चार, नेणाऱ्या डॉक्टरांच्या नावांसह. संगणकाचा पासवर्ड दिला नाही. तिने स्वतःचा घातला, तेवढा वेळ मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

धाकट्याला दिलं: माझ्या घराची किल्ली एक, कुंड्या पाच. पाणी एक दिवसाआड.