खेडशीच्या उतारावरचा आवाज

१२ जानेवारी १९३५, शनिवार
दुपारी खेडशीस. धोंडूबाबाची नात सुंदरा, वय सहा. दोन दिवस ताप, थोडा खोकला. थंडी वाजून आला म्हणतात. पोर तरतरीत. माझ्या घड्याळाकडे टक लावून होती, म्हणून हातात दिले. कानाला लावून हसली. ‘आत किडा हाय!’

छाती-पाठ तपासली. स्वच्छ. हिवतापच. क्विनाइन दिले.

निघताना म्हाताऱ्याने विचारले, ‘मुंबयला तार करू काय? गोविंदाला?’ गोविंद म्हणजे पोरीचा बाप, गोदीत कामाला. मी म्हटले, ‘कशाला? आठ दिवसांत खेळायला लागेल. त्याची रजा शिमग्याला राहू दे.’ पोरीची आई दाराआड उभी होती. तिनेही ऐकले.

परतताना उतारावर ड्रायव्हर इस्माईल म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, ब्रेक दाबला की गाडी वरडते.’ मला काही ऐकू आले नाही. बघू म्हटले.

१३ जाने., रविवार
गाडी मुद्दाम त्याच उतारावर नेली. पुढे, इस्माईलशेजारी बसलो. त्याने पाच वेळा ब्रेक दाबला नि पाचही वेळा माझ्याकडे पाहिले. ‘हा बगा! हा बगा आता!’ इंजिनाची घरघर, चाकांखालचे खडे, टपाचा खुळखुळाट, सगळे ऐकले. ओरडणे कुठे?

ब्रेकचे पट्टे झिजले असणार, कोल्हापूरला जाऊन आणायला हवेत, असे त्याचे म्हणणे. कोल्हापूरला त्याची बहीण दिलेली आहे. हे माझ्या मनात आले, म्हणून लिहिले. दहा वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही खोटे बोललेला नाही, हेही लिहितो.

१५ जाने., मंगळवार
सकाळीच खेडशीहून माणूस. जाऊन पाहतो तो सुंदराच्या नाकपुड्या उडताहेत, ओठ निळसर, श्वास मोजवेना. छातीला नळी लावण्याचीही गरज नव्हती. फुफ्फुसाचा दाह, दोन्हीकडे. करता येण्यासारखे होते ते केले. ते फार थोडे असते.

गोविंदाला तार केली. मीच केली, तारऑफिसात उभा राहून.

१६ जाने., बुधवार
सुंदरा पहाटे गेली.

१८ जाने., शुक्रवार
गोविंद काल संध्याकाळच्या बोटीने उतरला. सगळे आटोपल्यावर.

आज जाऊन आलो. पोरीची आई म्हणाली, ‘सोमवारी संध्याकाळपर्यंत बोलत व्हती. बाबा कंदी येणार म्हणून इचारीत व्हती.’ गोविंद खांबाला टेकून बसला होता.

शनिवारी तार गेली असती तर रविवारची बोट चुकली तरी सोमवारची मिळाली असती. सोमवारी संध्याकाळी तो इथे असता. हे गणित गाडीत बसल्यापासून चालू आहे. इस्माईल ब्रेकबद्दल काहीतरी सांगत होता. ‘नंतर,’ म्हटले.

२० जाने., रविवार
सौ.ला घेऊन भगवतीच्या देवळाला. ती म्हणाली, मन थाऱ्यावर येईल. किल्ल्याच्या चढणीवरून परत उतरताना तिने एकदम पदर कानावर घेतला. ‘अहो, दात आंबले माझे! केवढा तो आवाज! तुम्ही रोज कसा सहन करता?’

‘सवय झाली,’ मी म्हणालो.

असे का म्हणालो? काही आवाज आला नव्हता. समोर समुद्र, वारा, इंजिन. बायकोशी खोटे बोललो, तेही गाडीच्या ब्रेकवरून. इस्माईलने आरशातून पाहिले की मला भास झाला?

२३ जाने., बुधवार
दवाखाना उरकल्यावर गाडी अंगणात घेतली. ओरडते कुठले चाक ते तरी कळू दे म्हटले. इस्माईलने मागची बाजू उचलून खाली दगड लावले, हातब्रेक अर्धवट ओढला नि चाक हाताने फिरवू लागला. एक वाळकी काठी घेऊन तिचे एक टोक चाकाच्या आतल्या ब्रेकच्या डब्याला टेकवले, दुसरे स्वतःच्या कानाला. ‘आमच्या आगबोटीवर विंजनवाला असाच ऐकायचा.’ सात दिवसांत पहिल्यांदा हसू आले. म्हटले, ‘अरे, हा तर माझा धंदा! ही घे.’ आणि माझी नळी त्याला दिली.

त्याने ती कानांत घातली, चकती डब्यावर धरली, चाक फिरवले, आणि तोंड वाकडे करून काढूनच टाकली. ‘या अल्ला! कानात सुरी फिरवल्यासारखा. हेच चाक. डावा. ऐका तुमी.’

मी ऐकले. चाकाची घरघर आली, जाडी, खालच्या पट्टीतली. तिच्या वरच्या पट्टीतले काही नाही. नळी काढून फुंकली, कान पुसले, पुन्हा लावली. काही नाही. इस्माईल चाक फिरवतच होता. ‘आला ना? आला ना?’ मग विचारायचा थांबला. माझ्या तोंडाकडे पाहिले, नि लगेच खाली, चाकाकडे.

‘कदी येतो, कदी नाय येत तो,’ म्हणाला.

दहा वर्षांतले त्याचे पहिले खोटे.

२४ जाने., गुरुवार
कॉलेजात शिकवले होते: फुफ्फुसाचा दाह नुकता सुरू होतो तेव्हा श्वास आत घेताना बारीक चुरचुर ऐकू येते. कशी, ते कळायला आपल्याच कानाशी केसांची बट बोटांत धरून चोळावी. तोच आवाज. वर्गात आम्ही पन्नास जण केस चोळीत बसलो होतो नि मास्तर हसत होते. मला तेव्हा स्वच्छ ऐकू आला होता.

आज दार लावून केस चोळले. डावा कान: काही नाही. उजवा: काही नाही. बोटांना केस लागत होते, एवढेच.

घड्याळ कानाला टेकवले तर टिकटिक येते. चार बोटे दूर नेले की नाहीशी. सौ.ला बोलावले. तिला खोलीच्या दुसऱ्या टोकालाही येत होती. ‘हा कसला खेळ?’ म्हणाली. सांगितले. ती खाटेच्या कडेवर बसली. म्हणाली, ‘मला वाटायचं, तुम्ही हल्ली माझ्याकडे लक्ष देत नाही.’

जुन्या रोजनिश्या काढल्या. १९३२, ऑक्टोबर, माझ्याच अक्षरात: ‘यंदा रातकिडे नाहीत. पाऊस लांबला म्हणून असेल.’ १९३३ला काहीच नोंद नाही. नसल्याची सवय झाली असणार. आज दिवे लागल्यावर सौ.ला विचारले, ‘रातकिडे ओरडतात का?’ ‘हे काय,’ म्हणाली, ‘कान किटले.’

पंधरा पावसाळे मी स्वतः क्विनाइन घेतो आहे. रोग्यांना सांगतो, याने कान वाजतील, घाबरू नका.

२५ जाने., शुक्रवार
रोग्यांच्या वहीत १२ तारखेला सुंदराच्या नावापुढे ‘छाती स्वच्छ’ असे आहे. ते खोडले. खाली लिहिले: ‘मला काही ऐकू आले नाही.’ खरे तेवढेच होते. बाकीचे मी माझ्या पदरचे घातले.

पण त्या दिवशी तिच्या छातीत चुरचुर होती का? असेल. नसेलही, पोरांचे दुखणे एका रात्रीत पालटते. आता कोण सांगणार? ब्रेकचे निदान पुन्हा करता येते. गाडी पुन्हा उतारावर नेता येते.

मागची पाने चाळली. ‘स्वच्छ’, ‘स्वच्छ’, ‘स्वच्छ’. किती मागे जायचे? ३२पर्यंत गेलो आणि वही मिटली.

२ फेब्रुवारी, शनिवार
म्हाताऱ्या डॉक्टर तात्यांकडे गेलो. पन्नास वर्षे गावाची नाडी पाहिलेला माणूस, आता ओटीवर सुपारी कातरीत बसतो. सगळे सांगितले. ओरडून सांगावे लागले.

‘ऐकू आलं असतं तर काय देणार होतास? छातीला पोटिस बांधलं असतंस नि ब्रँडीचे थेंब. त्याने मुली जगतात होय?’

म्हटले, ‘जगली नसती. पण बापाला तार केली असती.’

यावर अडकित्ता थांबला. मग म्हणाले, ‘हे बघ, कान सगळ्यांचेच जातात. माझे गेले तेव्हा मी काय दवंडी पिटली? मुकाट्याने डोळे वापरायला शीक.’

‘तात्या, तुमचे केव्हा गेले?’

‘झाली दहाबारा वर्षं.’

तात्यांनी दवाखाना बंद करून चार वर्षे झाली. वजाबाकी मनात होऊन गेली: सहा-आठ वर्षे. त्यांच्या हे लक्षात आले असावे. सुपारी पुढे केली. मी घेतली.

१० फेब्रु., रविवार
इस्माईल कोल्हापूरहून पट्टे घेऊन आला. डाव्या चाकाचा जुना पट्टा माझ्या तळहातावर ठेवला. पट्टा इतका झिजलेला की रिव्हेटांची डोकी वर येऊन डब्याच्या लोखंडावर घासत होती. डब्याला आतून गोल चर पडला आहे. ‘वरडत व्हता तवाच बगायला पायजे व्हता,’ म्हणाला, आणि लगेच गप्प झाला.

मी त्याला सांगितले की बहिणीकडे जायला मिळावे म्हणून तू आवाजाचे निमित्त काढलेस असे माझ्या मनात आले होते. तो खो खो हसला. ‘ती बया? तिच्याकडं जायला लागू नये म्हणून म्या म्हयनाभर गाडी अशीच चालवली असती!’

उतारावर नेऊन आणली. ‘ग्येला आवाज,’ म्हणाला. मला येताना कळला नव्हता, जाताना कसा कळणार? त्याच्या तोंडाकडे पाहून गेला असे धरले.

५ मार्च, मंगळवार
मालगुंडहून एक बाई तान्हे घेऊन आली. खोकला. नळी लावली, नेहमीप्रमाणे. मग म्हणालो, ‘सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथल्या डॉक्टरांनाही एकदा ऐकू दे.’ बाई रडकुंडीला आली. ‘एवढा वाईट हाय काय?’ मूल वाईट नाही हे तिला कसे सांगायचे? आठवड्यात असे हे चौथे. लोक म्हणू लागलेत, डॉक्टर घाबरट झाले.

बोटांनी ठोकून तपासतो तो आवाज येतो मला. तो जाडा असतो. श्वास डोळ्यांनी मोजतो. म्हणजे तात्यांचेच ऐकतो आहे.

१७ मार्च, रविवार
गोविंद शिमग्याला आला आहे. इस्माईलने बाजारातली बातमी आणली: त्यांच्या घरी यंदा सण नाही, ते ठीकच, पण गोविंद बापाशी बोलत नाही. ‘तार का नाय केलीस’ म्हणून. दोघे एका ओटीवर जेवतात, तोंडे दोन दिशांना. ‘म्हातारा काय म्हणतो?’ ‘काय नाय. गप्प.’

म्हणजे तार नको असे कोणी सांगितले, ते म्हाताऱ्याने दोन महिने कोणालाही सांगितलेले नाही. सुनेने ऐकले होते, तिनेही नाही. आणि मी इथे वहीतले शब्द खोडत बसलो आहे.

१९ मार्च, मंगळवार
खेडशीस जाऊन आलो. ओटीवर बसलो. इस्माईलने ऐकले ते खरे होते. म्हातारा एका टोकाला दोरी वळत होता, गोविंद दुसऱ्या टोकाला. सून पाणी घेऊन आली.

मी म्हणालो, ‘गोविंदा, तुझ्या वडलांनी मला विचारलं होतं. शनिवारीच. तार नको असं मी सांगितलं.’

म्हाताऱ्याचे हात थांबले. ‘कशाला तां आता, डॉक्टर? झाला तां झाला. माजा मन सांगत व्हता, तरी म्या नाय केली. माजाच चुकला.’

गोविंद अंगणाकडे बघत होता. मग मला म्हणाला, ‘तुमी तरी काय करणार? दुखणा तवा आत दडलेला. तुमाला काय म्हायती असणार?’ आणि बापाला म्हणाला, ‘बाबा, पानी घ्या.’

दोन महिन्यांतला पहिला शब्द असावा तो. सून आत निघून गेली. म्हाताऱ्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला.

त्या क्षणी पुढचे सांगायचे होते. दुखणे दडलेले नसेल कदाचित. माझेच कान. वाक्य जुळवले, तोंडापर्यंत आले. म्हातारा पाणी पीत होता. मी उठलो.

२२ मार्च, शुक्रवार
तीन दिवस स्वतःशी वाद. कानांचे सांगून त्या घराला काय मिळणार? पोर परत येत नाही. बापलेक बोलू लागलेत, ते पुन्हा ढवळेल. खेडशीची माणसे उद्या कुठल्याच डॉक्टरकडे जाणार नाहीत. ही कारणे खरी आहेत. पण ती सगळी माझ्याही सोयीची आहेत, आणि सोयीचे नसलेले एकही कारण मला अजून सापडलेले नाही.

गोविंदाने मला माफ केले ते माहीत नसलेल्या माणसाला म्हणून. ती माफी मी खिशात घालून आलो. दुसऱ्याची वस्तू.

सौ. म्हणते, ‘सांगून टाका. तुम्हाला झोप नाही, मला तुमच्यामुळे नाही.’ दवाखान्याचे काय, ते तिने विचारले नाही. मीच विचारतो.

गोविंद उद्याच्या बोटीने मुंबईस जातो. बोटीपर्यंत नेणारा पडाव सकाळी सातला सुटतो. बंदरावर भरपूर गलका असेल. मला जे सांगायचे ते ओरडून सांगावे लागेल, आणि तो जे म्हणेल ते त्याच्या तोंडाकडे पाहूनच समजून घ्यावे लागेल.

संध्याकाळी इस्माईल किल्ली ठेवायला आला. ‘उद्या गाडी कितीला काढू?’

‘सहाला.’

कुठे जायचे ते मी सांगितले नाही. दाराशी थांबून म्हणाला, ‘बंदराच्या उताराला ब्रेक लागंल. बगून ठेवतो.’