यात्रेपर्यंत पंच्याण्णव

१२ डिसेंबर, संध्याकाळी सात

माझं आयुष्य आज दुपारी सव्वाचार वाजता बदललं. राहात्याच्या पुढे, पेरूच्या स्टॉलसमोर. राजनंदिनी माझ्या गाडीवरून उतरली आणि म्हणाली, तू हो पुढे, मी एसटीने येते.

कॉलेजच्या गेटपासून जेमतेम दोन किलोमीटर झाले होते. गाव अजून दहा. मध्ये काही घडलंही नव्हतं. एक टेम्पोवाला आडवा आला, त्याला थांबवून मी जरा समजावलं, त्याची चावी काढून उसात फेकली, एवढंच. बाकी प्रवास शांततेत.

म्हणजे कारण एकच. वजन. १४२ किलो. माझ्या मागे सीटवर वहीएवढी जागा उरते. तिथे बसून कोणती मुलगी दहा किलोमीटर येईल?

अण्णा दोन वर्षं ऑपरेशनसाठी मागे लागलेत. गुडघे, शुगर, वगैरे. मी नाही म्हणत होतो. आज जेवताना हो म्हटलं. अण्णांचा घास हातातच राहिला.

चार भाकरी खाल्ल्या. शेवटच्या म्हणून.

६ जानेवारी, नगर, हॉस्पिटल

झालं. पोटाच्या वरच्या अंगाला रबराचा पट्टा बसवला. वर लिंबाएवढी पिशवी, खाली उरलेलं पोट. त्याला गॅस्ट्रिक बँड म्हणतात. आई 'पट्टा' म्हणते आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या कमरेवर हात फिरवून दाखवते.

लीना मॅडम म्हणून आहारतज्ज्ञ आहेत. त्यांनी अर्धा तास समजावलं. दोन आठवडे पातळ, मग मऊ, मग साधं जेवण. घास बोराएवढा, वीस वेळा चावायचा. दर महिन्याला यायचं, त्या सुईने पट्ट्यात पाणी भरून तो आवळणार. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरेल, आणि पट्टा फक्त मदत करतो, काम आपणच करायचं असतं.

अर्धा ते एक ही सरासरी झाली. सरासरी सामान्य माणसांची असते. मी हिशेब केला. गावची यात्रा १२ एप्रिलला. चौदा आठवडे. आठवड्याला साडेतीन किलो धरले तरी ९५ वर येतो. सोपं आहे.

आईने मी आत असताना भैरोबाला नवस बोलला. पोरगं सुखरूप बाहेर आलं तर यात्रेला गुळाची तुला करीन. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, मग तो गूळ गावाला वाटायचा. आधी डोकंच फिरलं. मग लक्षात आलं, यात्रेला अख्खं गाव असतं. राजनंदिनी गावातच राहते. ९५ किलोचा आकडा माइकवरून तिच्या कानावर जाईल. देव पण कधी कधी बरोबर विचार करतो.

१४ जानेवारी, संक्रांत

घरात गुळपोळ्यांचा वास. मला डाळीचं पाणी. रडू आलं, पण रडलो नाही, ताट सरकवलं. ते जरा लांब गेलं.

मग सुचलं. तिळगूळ गरम पाण्यात विरघळला तर तो पातळच. सहा लाडू विरघळवले. पट्ट्याला पत्ताही लागला नाही. डॉक्टरांचा नियम पूर्ण पाळला.

३ फेब्रुवारी

१३३! नऊ किलो! पट्टा म्हणजे पट्टा!

राजनंदिनीला मेसेज केला की १२५ झालं. लवकरच होणार आहे तर आधी कळवायला काय हरकत. तिने अंगठा पाठवला. पिवळा. तीन तास बघत बसलो. अंगठा सरळ वर होता. जरासाही वाकडा नाही.

९ फेब्रुवारी

मामाच्या गावी लग्न. साधं जेवण चालू झालंय म्हणून पंगतीत बसलो. मटकीची उसळ, पुरी. दुसऱ्याच घासाला छातीत दगड अडकल्यासारखं झालं. मांडवामागे जाऊन सगळं बाहेर. वाढपी म्हणाला, दादांना जास्त झालं वाटतं. मी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. पुढचं लिहीत नाही. मामा दोन दिवस बोलले नाहीत.

लीना मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, किती वेळा चावलं. मी म्हटलं, मोजायला मी शाळेत आहे का. त्या म्हणाल्या, भरभर खाल्लंस की असंच होणार. मी म्हटलं, पट्टा डुप्लिकेट बसवलाय तुम्ही. फोन मीच कापला. तत्त्वाचा प्रश्न होता.

आता घट्ट खाणं बंद. पट्टाच नको म्हणतोय तर आपण त्याच्या मनाविरुद्ध का जा.

२० फेब्रुवारी

आज महिन्याची तारीख होती. गेलो नाही. ज्यांनी डुप्लिकेट बसवला त्यांच्याकडूनच आवळून घ्यायचा?

सुनीलच्या रसवंतीवर बसतो हल्ली. सुनील शाळेपासूनचा मित्र. त्याने उसाचा रस दिला, एक मोठा ग्लास, मग अजून एक. सरळ खाली उतरतो. अडकत नाही, दुखत नाही. ऊस म्हणजे शेवटी गवतच. मी चार ग्लासांपुढे जात नाही. संयम आहे.

सुनील म्हणाला, तुझा पट्टा भाकरीला अडवतो आणि रसाला सलाम करतो. मी त्याचं आल्याचं भांडं पालथं केलं.

८ मार्च

१३५. पण कपड्यात. कपडे दोन किलो. मोबाईल, चावी, पाकीट एक किलो. पट्टा स्वतःच एक किलोचा असेल. सकाळी पाणी प्यालो होतो. आणि आमच्या घराण्याची हाडं जड. म्हणजे खरं १२६ च्या आसपास.

आईला ११० सांगितलं. तिने डोळे मिटून हात जोडले. म्हणाली, आता अंगात दिसत न्हाई म्हून काय झालं, आतून उतरत आसंल. तीच मला समजून घेते.

१५ मार्च

कॉलेजवरून गेलो. ऑगस्टमध्ये सोडलं ते आठवलं. बेंचला तडा गेला म्हणून सरांनी मला मागे जाऊन बस म्हटलं होतं. मी बेंचच उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच. बारीक झालो की पुन्हा ॲडमिशन घेणार. त्याच वर्गात, पहिल्या बाकावर.

राजनंदिनी गेटवर दिसली. गाडी थांबवून विचारलं, सोडू का. तिने मागच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, एसटी येतेय. मी मनात म्हटलं, अजून ९५ झालेलं नाही ना. तिचंही बरोबर आहे.

चिडून दोन लस्सी प्यालो. पातळ.

३० मार्च, पाडवा

आज अण्णांनी गूळ आणला. दहा किलोच्या दहा ढेपा. मी त्यांना ९५ सांगितलंय. ते म्हणाले, पाच किलो हाताशी असू द्या. ढेपा मागच्या खोलीत गोणपाटाखाली ठेवल्यात. माझ्या खोलीला लागून. वास भिंतीतून येतो.

विचार केला. मी यात्रेपर्यंत ९५ वर येणार. म्हणजे पाच किलो गूळ आजच जास्तीचा आहे. जास्तीचा गूळ ठेवला तर मुंगळे लागणार. वाया घालवण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूने थोडा खरवडला आणि कोमट दुधात विरघळवला. दोन वाट्या.

४ एप्रिल

खूप भांडण झालं. अण्णा म्हणाले, तारखेला जात का नाहीस. मी म्हटलं, माझं पोट, माझा पट्टा. ते म्हणाले, तोंड पण तुझंच आहे. दार आपटून खोलीत आलो. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. आईने बाहेरून काही विचारलं नाही. तिला सवय आहे.

मनःस्थिती बिघडली की काहीतरी गरम लागतं. गुळवणी केली. अख्खं पातेलं.

वजन केलं नाही. काटा माझ्याकडे बघत होता, मी त्याला कॉटखाली ढकलला.

८ एप्रिल

आईला एक ढेप मागून पोकळ दिसली. ती म्हणाली, उंदीर लागलाय. मी म्हटलं, मोठा असणार. तिने सापळा लावला.

सापळ्याने माझी दोन बोटं धरली. डावा हात. आई मोबाईलचा उजेड घेऊन आली, आधी सापळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या वाटीकडे. मी म्हटलं, उंदीर बघायला आलो होतो. तिने सापळा सोडवला, बोटांना हळद लावली. जाताना वाटी घेऊन गेली.

सापळा मी छपरावर फेकून दिला.

११ एप्रिल

उद्या तुला. आज काहीच प्यायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी आमरस झाला. देवाच्या यात्रेसाठी केलेला आमरस नाही म्हणणं बरं दिसत नाही.

एका दिवसात किती उतरू शकतं, मोबाईलवर शोधलं. एक जण म्हणतो सात किलो. तो परदेशातला आहे, पण माणूसच आहे.

राजनंदिनीला मेसेज केला : उद्या ये. ९५. तिने लिहिलं : येते.

येते! नुसतं येते!

१३ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तेवढं लिहितो.

देवळासमोरच्या लिंबाला कांद्याच्या गोण्या मोजायचा जुना मोठा तराजू टांगला होता. मी नवा पांढरा कुर्ता घालून पारड्यात मांडी घालून बसलो. पारडं जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात अण्णांनी ढेपा ठेवायला सुरुवात केली. माइकवर सुनील. एक ढेप, दोन ढेप. हलगी वाजत होती. शेवटची ढेप ठेवली तेव्हा ती पोकळ असल्याचं सगळ्यांना दिसलं. ब्याण्णव किलो झाले. माझं पारडं हललंसुद्धा नाही.

सुनील माइकवर म्हणाला, जरा दम धरा, दांडी गंजली असंल. लोक हसले. दोघांनी दांडीला तेल लावलं. मी जमिनीवरच.

मी सुनीलला सांगितलं की उतरलो की बघतो तुला. उठायला लागलो, तेवढ्यात आईने खांद्यावर हात ठेवला.

"पारडं उठस्तवर उतरू नगं. नवस आर्धा ऱ्हातो."

मग अण्णांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि गावाला सांगितलं की ज्याच्या घरी गूळ आहे त्याने आणावा. वाण्याने तीन ढेपा पाठवल्या. त्यानंतर लोक घरोघरी गेले. मी पारड्यात बसलेला. उन्हात. पाऊण तास. एक म्हातारी पुडीत बांधून खडा घेऊन आली. कुणी अर्धा किलो, कुणी दोन. सुनील प्रत्येकाचं नाव घेऊन आकडा सांगायचा, मग माझ्याकडे बघून म्हणायचा, अजून जमिनीलाच. पोरं माझ्या पारड्याखाली कागद सरकवून बघत होती. कागद अडकत होता.

मी सगळ्यांवर ओरडलो. एकदा नाही, पाच-सहा वेळा. वाण्याला म्हटलं, तुझ्या ढेपा हलक्या आहेत. हलगीवाल्याला म्हटलं, बंद कर. तो बंद झाला आणि मग तर जास्तच ऐकू यायला लागलं, सगळं.

शेवटी राजनंदिनी आली. हातात स्टीलचा डबा. ती दुसऱ्या पारड्याकडे गेली नाही, आधी माझ्याजवळ आली आणि वाकली. सुनीलने माइक खाली घेतला. तेवढी अक्कल त्याला आहे.

"त्या दिवशी मी गाडीवरून का उतरले, काय वाटलं तुला?"

मी म्हटलं, वजन.

"वजनाचं काय, अमृत. तू भर रस्त्यात त्या माणसाची चावी उसात फेकलीस. त्याच्या टेम्पोत कोंबड्या होत्या, उन्हात. तो हात जोडत होता. मला तुझ्या पोटाची कधीच भीती वाटली नाही."

मी म्हटलं, मी ऑपरेशन करून घेतलं. ती म्हणाली, बरं केलंस, ते तुझ्या गुडघ्यांसाठी चांगलं आहे. आणि जाऊन डबा रिकामा केला.

तिच्या गुळाने पारडं उठलं. हातभर वर गेलो मी. हलगी वाजली, भंडारा उधळला. सुनीलने आकडा वाचला. एकशे चव्वेचाळीस. ऑपरेशनच्या दिवसापेक्षा दोन जास्त. वरून तिची पाठ दिसत होती, ती रिकामा डबा घेऊन चालली होती, घाई न करता.

गूळ वाटला. माझ्या वाट्याला सुपारीएवढा खडा आला. तो वीस वेळा चावला. मोजून. पहिल्यांदाच.

१५ एप्रिल, सकाळी आठ

१४४. कपडे, मोबाईल, हाडं काही वजा केलं नाही. तरी यात्रेत लाजेने एखादा किलो उतरला असेल. काट्याला तो दिसत नाही, ते वेगळं.

लीना मॅडमना फोन केला. आधी त्यांनी नाव ऐकून श्वास घेतला. मी डुप्लिकेटचा शब्द मागे घेतला. त्या म्हणाल्या, बारा वाजता ये, पट्टा आवळू, आणि रस-बिस काही पिऊन येऊ नकोस. मी विचारलं, डोक्याला बसवतात का असा काही. त्या हसल्या. मी गंमत करत नव्हतो.

टेम्पोवाल्याचा पत्ता मला माहीत नाही. कोंबड्यांचं काय झालं तेही नाही. हे चार महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. राजनंदिनीला मेसेज लिहिला होता, तीन पानांचा. पाठवला नाही. त्यात सगळं माझ्याबद्दलच होतं.

गाडीची चावी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात घातली. एसटी साडेआठची. आई चुलीपाशी बसलीय, पाठमोरी, खांदे जरा वर घेऊन. मी बाहेर पडायच्या वेळी ती नेहमी तशीच बसते, हे आज लक्षात आलं. दाराचा आवाज यायची वाट बघते.

वही ठेवली. निघालो. दार हळूच लावतो.