सरकणारा ठिपका आणि धानाची मूठ

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच लिहितेय. एक गंमत सांगायची आहे आणि तुमच्यावर रागवायचंही आहे. आधी गंमत.

यंदा आमच्या शाळेत कॉम्प्युटरवर आकाशाचे फोटो येतात. एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने काढलेले. एकामागून एक पाहिले की तारे जागेवर राहतात आणि एखादा ठिपका मात्र सरकतो. तो लघुग्रह! काल नववीतल्या प्रणालीला असा एक दिसला. पोरगी हरखली आणि लगेच घाबरली, "मॅडम, हा आपल्यावर पडन का?"

काय सांगणार? फोटो चारच. तेवढ्यावरून त्याची वाट कळत नाही. सुरुवातीचा अंदाज इतका ऐसपैस असतो की पृथ्वीही त्यात कुठेतरी बसते. नोंदी वाढल्या की अंदाज आवळत जातो. पृथ्वी अजून आतच असेल तर त्या आवळलेल्या पट्ट्यात तिचा वाटा मोठा होतो, म्हणून धोका वाढलेला दिसतो! आणि मग बहुतेक वेळा ती बाहेर पडते, धोका शून्य. आहे की नाही अजब? म्हणून पाहत राहायचं, एवढंच मी प्रणालीला सांगितलं.

सांगताना राईस मिलमधले तुम्ही आठवलात. धानाच्या पोत्यात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढायचात, एक दाताखाली फोडून ओल सांगायचात. मी एकदा पहिल्याच मुठीवर "चांगलं आहे" म्हणून टाकलं. "वरचं तं सगळेच चांगलं भरतेत, पोरी. खालून काढ," म्हणालात.

मग बाबा, छातीच्या फोटोत डाग दिसला, डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा काय झालं होतं तुम्हाला? "पुन्हा कायले जाऊ? भुश्शाचा खोकला आहे," म्हणून मोकळे झालात! एका फोटोवर निकाल, आणि तोही तुम्ही लावावा? आईला तर डागाचं कळूही दिलं नाही. फार राग येतो मला.

खरं सांगू? मीही तेच करत होते. छातीत हाताला गाठ लागलीय. पुढच्या तपासणीला नागपूरला जा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, त्याला महिना झाला. साधी असेल, नसेलही. भीती वाटते, म्हणून ठिपक्यांत डोकं घालून दिवस ढकलत होते.

आज आईला सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुह्या बापानं मले दवाखान्याच्या बाहेरच बसवलं. तू आत ने."

मंगळवारची दोन तिकिटं काढलीत. डॉक्टर जे सांगतील ते आई माझ्या शेजारी बसून ऐकेल, बाबा. हा माझा शब्द.

तुमची,
सुजाता