निकालात तुझं नाव नाही, आई

माझे आई,

काल निकाल लागला. खाडी समितीचे सगळे निर्दोष सुटले! फक्त तुझं नाव निकालात नाही. वकील म्हणाले, आरोपी वारला की त्याच्यावरचा खटला बंद होतो, तो निर्दोष ठरत नाही. हे काय माझ्या गळी उतरेना. म्हणून तुला मीच कळवतेय.

तुमच्या समितीतला सलीमचाचा आठवतो ना, होडीवाला? हल्ली काठी टेकत चालतो. निकाल वाचून झाला तरी तो खाली बसेना.

"साहेब, पहिली कुदळ सुमनने मारलेली. आम्ही बेकसूर, तर ती बेकसूर नाय काय?"

"त्यांच्यावर आता कुठलाच आरोप नाही," न्यायाधीश हळूच म्हणाले. चाचाचं तेवढ्याने कुठलं समाधान व्हायला!

बंदरवाल्यांनी खाडीच्या तोंडावर भराव टाकून पाणी अडवलं. चाचाची होडी चिखलात रुतली, आपलं मिठागर कोरडं पडलं. अर्ज करकरून तुम्ही थकलात आणि एका सकाळी सगळे कुदळी घेऊन भरावावर चढलात. मीही आले होते मागून, पाण्याची कळशी घेऊन.

किती मारलं गं पोलिसांनी! माणसं पांगली आणि तू? तू भरावावर फतकल मारून बसलीस. "मारा किती मारायचं त! मी उठनार नाय!" तुझं मनगट मोडलं ते तेव्हाच. गाडीत कोंबत होते तरी तू मलाच हाका मारत होतीस, "मंदे, पानी आलं का बघ!"

आलं होतं, आई! भरावाच्या भगदाडातून भरतीचं पाणी मुसंडी मारून आत आलं. पण तोवर तुमची गाडी गेली होती.

तुरुंगात तुला म्हणाले, माफी लिहून दे, घरी जा. "खारी मारली कोनी? माफी त्यांनी मागावी," तू म्हणालीस. खाडीला तू कायम खारीच म्हणायचीस. आणि माझा साखरपुडा ठरलेला, त्याचं काय? रागावले होते मी. अजून थोडी आहे.

पाहुणे घरी आले. "मुलीची आई कुठाय?" त्यांनी विचारलं. ट्रेलरवर ड्रायव्हर असलेले आपले बाबा, चार शब्द बोलायला लाजणारे! ते ताठ बसून म्हणाले, "तुरुंगात हाय. चोरी नाय केली. खारी उघडली."

मग माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी पदर सावरला. "मग घाई कसली? त्या सुटून आल्या की करू साखरपुडा. आईशिवाय पोरीची ओटी कोण भरणार?"

जामीन मिळाला, तू आलीस आणि भरलीस. वाकड्या मनगटाने नारळ पेलवेना, तरी कुणाला हात लावू दिला नाहीस. लोक नवरीला सोडून तुझ्याकडेच बघत होते, माहितीये? मला जराही वाईट वाटलं नाही. वाटलं, बघा, नीट बघा, ही माझी आई!

कोर्टाने पुढे तो भराव हटवायला लावला. तोवर अर्धी खाडी बुजली होती, अर्धी वाचली. आज तिथे पुन्हा कोळंबी मिळते, पोरं चिंबोऱ्या धरतात. उरलेल्या अर्ध्या खाडीचं नाव काढलं की चाचा अजून डोळे पुसतो.

आणि आता पलीकडच्या अंगाला परत भरावाचे डंपर यायला लागलेत. रविवारी बैठक आहे. समितीची जबाबदारी मी घ्यावी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. घरी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "पोरांचं मी बघते. तू जा."

जाते, आई. जेवढी खाडी तुम्ही राखलीत, त्यातली ओंजळभरसुद्धा बुजू देणार नाही. शब्द देते.

तुझी,
मंदा